सदोष काजं

नैतिकता समितीवर एक तरी माणूस असा हवा की ज्याला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, असा कायदा होता. संस्थेची यात मोठी पंचाईत झाली. काही न कळणारे लोक संस्थेत पुष्कळ होते, पण त्या सगळ्यांकडे पदव्या होत्या.

शेवटी संस्थेच्या सचिवांना मास्तर आठवले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. संस्थेचे पांढरे कोट आणि वॉर्डातले फिकट हिरवे शर्ट तेच शिवायचे. वय अठ्ठावन्न, शिक्षण बेताचं, स्वभाव भिडस्त, आणि कोणी मोठा माणूस बोलत असला की मान आपोआप हलायची. सचिवांना एवढं पुरेसं होतं. समितीच्या सदस्याचा संस्थेशी धंद्याचा संबंध असू नये, असंही कायद्यात एक कलम होतं. त्यावर सचिवांनी उपाय काढला. शिवणकाम मास्तरांच्या बायकोच्या नावावर केलं आणि मास्तरांना नि:पक्षपाती करून टाकलं.

ही संस्था विषांचा अभ्यास करायची. कुठली गोष्ट माणसाच्या पोटात किती गेली तर चालते आणि किती गेली की चालत नाही, हे ठरवायचं तिचं काम. त्यासाठी धडधाकट माणसं आणली जायची, त्यांना 'सहभागी' म्हणायचं. त्यांना जे पाजायचं त्याला मात्र चुकूनही विष म्हणायचं नाही, 'अभ्यास-पदार्थ' म्हणायचं. आणि हे सगळं रीतसर चाललंय ना, सहभागींना अपाय होत नाही ना, हे बघायला समिती.

पहिल्या बैठकीला मास्तर स्वतः शिवलेला कोट घालून गेले. लांबलचक टेबलाशी त्यांच्या नावाची पाटी होती आणि खाली छापलं होतं, 'सामान्य माणूस'. त्यांची छाती दोन इंच फुगली. बैठक संपल्यावर पाटी मागून घेतली आणि घरी आणून दुकानातल्या आरशाच्या वर लावली.

बायको काजं करत बसली होती. तिने चष्म्यावरून पाटीकडे पाहिलं.

"हे सांगायला पाटी कशाला लागते?" ती म्हणाली.

"अगं, पद आहे ते."

"असेल. पण गिऱ्हाईक वाचेल आणि म्हणेल, मग शर्टही सामान्यच शिवत असतील."

पाटी आतल्या खोलीत गेली.

चार वर्षं मास्तर बैठकांना जात राहिले. समितीत अध्यक्ष होते, ते निवृत्त प्राध्यापक. कागद वाचताना त्यांचे डोळे मिटायचे आणि 'एकमताने' हा शब्द कानावर पडला की उघडायचे. एक वकीलबाई होत्या, त्यांना प्रत्येक वाक्यात 'अधीन राहून' हवं असायचं. आणि संशोधक डॉक्टर. ते समितीचे सदस्य नव्हते, समितीपुढे परवानगी मागायला यायचे, पण चहा कधी आणायचा ते तेच सांगायचे. एक सँडविच, दोन बिस्किटं, चहा आणि सही, एवढ्यात बैठक आटपायची. मास्तरांनी अशा एकतीस प्रयोगांना मान्यता दिली. त्यातल्या एकाचाही अर्थ त्यांना कळला नव्हता, आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटत होती. वास्तविक तेवढ्यासाठीच तर त्यांना तिथे बसवलं होतं.

मग तो फवारणीच्या औषधाचा प्रयोग आला.

एका कंपनीचं कीड मारायचं औषध होतं. बारा माणसांना ते अठ्ठावीस दिवस रोज सकाळी रसातून पाजायचं, असा बेत. त्या दिवशी सँडविच यायला उशीर झाला, म्हणून संशोधक डॉक्टरांनी वेळ काढण्यासाठी सगळं समजावून सांगितलं.

"असं बघा," ते म्हणाले, "उंदराला रोज जेवढं पाजूनही काही होत नाही, त्याचा सरकार आधी दहावा भाग करतं. का, तर माणूस म्हणजे उंदीर नव्हे. मग त्याचाही पुन्हा दहावा भाग. का, तर सगळी माणसं सारखी नसतात, लहान मुलं असतात, म्हातारी असतात. जे उरेल तेवढंच औषध फळावर राहिलेलं चालतं. आता आपण थेट माणसालाच पाजून दाखवलं की काही होत नाही, तर तो पहिला दहा लागतोच कशाला?"

मास्तरांना चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कळलं. इंचांचे हिशेब करण्यात जन्म गेलेला माणूस, दहा आणि शंभर यांतला फरक त्यांना चटकन दिसला.

"म्हणजे पुढे फळावर दहापट औषध राहिलं तरी चालेल?" त्यांनी विचारलं.

"दहापट असं नका म्हणू. मर्यादा वास्तववादी होईल असं म्हणा."

"आणि जे पिणार, त्यांना यातून काय?"

"विज्ञानाला हातभार लावल्याचं समाधान."

तेवढ्यात सँडविच आलं. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं गेलं, त्यात लिहिलं होतं: 'सामान्य सदस्यांनी काही शंका विचारल्या, त्यांचे समाधान झाले.' मास्तरांना वाटलं, डॉक्टर म्हणाले होते ते समाधान हेच असावं. त्यांनी सही केली.

या प्रयोगात रोज रक्त काढायचं होतं. शर्टाची डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडणारी हवी आणि तिला सात बटणं हवीत, असं सांगणं आलं. म्हणून मास्तर वॉर्डात जाऊन बाराही जणांची मापं घेऊन आले. मास्तरांना चेहरे लक्षात राहत नसत, अंगं राहत. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर ते क्षणभर गोंधळायचे आणि मग मनाशी म्हणायचे, अच्छा, बेचाळीस छाती, आखूड मान.

सातव्या माणसाच्या पाठीला टेप लावला आणि त्यांचा हात थांबला. डावा खांदा उजव्यापेक्षा दीड बोट खाली. ओझी वाहून वाहून उतरलेला खांदा. असा खांदा त्यांनी जन्मात एकच पाहिला होता, तोही चाळीस दिवसांपूर्वी, डोकेदुखीच्या गोळीच्या प्रयोगात. तेव्हा या माणसाच्या छातीवरच्या पट्टीत वेगळं नाव होतं. एका प्रयोगानंतर नव्वद दिवस दुसऱ्यात घ्यायचं नाही, हा नियम मास्तरांच्याच समितीने मंजूर केला होता.

त्या माणसाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि एक डोळा मिचकावला. मास्तरांनी वहीत माप लिहिलं, नावाच्या जागी 'तिरपा' लिहिलं, आणि तोंडाला टाका घालून घरी आले. आपल्याला काय करायचंय, असं त्यांनी स्वतःला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते थोडंफार पटलं.

पंधराव्या दिवशी बैठक झाली. सचिव अहवाल वाचू लागले. सगळं उत्तम होतं. सहभागींना थोडा घाम येत होता, तो उकाड्यामुळे. थोडं डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पंख्यामुळे. आणि शेवटी: "सहा सहभागींना डाव्या बाहीची बटणे लावण्यास अडचण. कारण, वस्त्रदोष. काजे अरुंद व सदोष. अभ्यास-पदार्थाशी संबंध आढळत नाही."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

खरं सांगायचं तर माणसांना विष पाजण्याच्या एकतीस प्रयोगांनी जे झालं नव्हतं, ते या एका ओळीने झालं. घाम, डोळ्यांतलं पाणी, याचं त्यांना काही वाटलं नाही. पण सदोष काजं? ती काजं त्यांच्या बायकोने केली होती. तिच्या काजांना नावं ठेवायची मास्तरांची स्वतःची कधी हिंमत झाली नव्हती.

घरी येऊन त्यांनी बायकोला चाचरत सांगितलं. तिने उरलेला एक शर्ट कपाटातून काढला, अंगात चढवला, डोळे मिटले आणि उजव्या हाताने डाव्या बाहीची सातही बटणं खटाखट लावली. मग डोळे उघडले.

"तिथे जा," ती म्हणाली, "आणि बघून या काय अरुंद आहे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर टेप आणि छोटी कातरी घेऊन वॉर्डात गेले. खोली लांबट होती, दोन्ही बाजूंना सहा-सहा खाटा, खिडक्यांना अर्ध्यापर्यंत पांढरा रंग.

"बरं झालं आलात," सिस्टर म्हणाल्या, "ती काजं जरा मोठी करून द्या."

"तुम्ही एक लावून दाखवता?"

सिस्टरांनी पहिल्या माणसाच्या बाहीचं बटण लावलं. सहज लागलं. त्यांनी दुसरं लावलं. मग त्या मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "मला लागतंय, पण यांना लागत नाही."

मास्तरांनी त्या माणसाला सांगितलं, तू लाव. त्याने बटण धरलं. बटण काजाशी नेलं आणि बोटं थरथरू लागली, आत अडकलेला धागा मशीनवर थरथरतो तशी. बटण काजाच्या डावीकडे गेलं, मग उजवीकडे गेलं. माणूस हसला, कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा प्रयत्न करू लागला. दुसऱ्या खाटेवर तेच. चौथ्या खाटेवरच्याची तर पापणीही उडत होती. मास्तर एकेका खाटेपाशी थांबत गेले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना आरशासमोर बटणं लावताना पाहिलं होतं. घाईतली बोटं कशी असतात, म्हातारी बोटं कशी असतात, ते त्यांना ठाऊक होतं. ही बोटं यांतली नव्हती.

सातव्या खाटेवर तिरपा बसला होता. मास्तरांनी काही न बोलता त्याच्या कमरेला टेप लावला. डोकेदुखीच्या वेळी छत्तीस होती. इथे आला तेव्हा चौतीस. आता बत्तीस.

"अरे, तुला काय पाजतात ठाऊक आहे ना?" ते हळूच म्हणाले.

"फळावर असतं तेच, असं सांगितलं. आता बाहेर फळं आम्ही कुठे खातो? म्हटलं, इथे तरी त्याची चव कळेल."

"थट्टा सोड. निघून जा इथून. कागदावर लिहिलंय, केव्हाही सोडून जाता येतं."

"लिहिलंय की. पण मधेच गेलं तर पुढच्या खेपेला बोलावत नाहीत. ते लिहिलेलं नाही." तिरपा उशीला टेकला. "मास्तर, इथे गादी आहे, वेळेवर जेवण आहे, आणि दिवसभर कोणी म्हणत नाही की हे उचल. तुम्ही आपली काजं मोठी करा आणि जा."

मास्तरांनी काजं मोठी केली नाहीत. बारा कमरा मोजल्या, वहीत जुन्या मापांशेजारी नवी मापं लिहिली, कोणाला किती बटणं लागली तेही लिहिलं, आणि तातडीची बैठक बोलवा म्हणून सचिवांच्या मागे लागले.

बैठक झाली. मास्तरांनी टेबलावर शर्ट ठेवला आणि प्रत्येकाने एक बटण लावून बघावं अशी विनंती केली. वकीलबाईंनी लावलं. सचिवांनी लावलं. अध्यक्षांनी डोळे मिटलेल्या अवस्थेत लावलं. काजांचा प्रश्न तिथे निकालात निघाला. मग मास्तरांनी वही उघडून मापं वाचली आणि शेवटी, अंग चोरत, तिरप्याचं सांगून टाकलं. एकच खांदा दोन नावांनी दोन प्रयोगांत आहे, मध्ये चाळीसच दिवस गेलेत.

संशोधक डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"ही मापं कोणी घेतली?"

"मी."

"प्रयोगाच्या सुरुवातीला एकदा आणि मध्यावर एकदा?"

"हो."

"नोंदी ठेवल्या, तुलना केली, निष्कर्ष काढला. यासाठी सहभागींची लेखी संमती घेतली होती?"

"कमरेचं माप घ्यायला?"

"समितीची पूर्वपरवानगी?"

वकीलबाई सरळ बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हाती काहीतरी ठोस लागलं होतं. "म्हणजे हे तर," त्या म्हणाल्या, "मान्यतेविना मानवी सहभागींवर केलेलं संशोधन झालं. हे फार गंभीर आहे."

अध्यक्षांनी डोळे उघडले, कारण गंभीर हा शब्द त्या खोलीत कोणी कधी उच्चारला नव्हता.

पुढचा पाऊण तास मास्तरांवर गेला. सहभागींची खासगी माहिती वहीत लिहिली, वही घरी नेली, घरी ती बायकोच्या दृष्टीस पडली. टेप निर्जंतुक होता का? मास्तरांनी दिलेली उत्तरं सचिव लिहून घेत होते, आणि प्रत्येक उत्तर लिहिल्यावर ते अधिकच गुन्हा वाटत होतं. बारा माणसांच्या बोटांचा विषय विषयपत्रिकेत नसल्यामुळे निघाला नाही. तिरप्याबद्दल ठरलं ते असं: सामान्य सदस्यांचं म्हणणं अनधिकृत मोजमापावर आधारलेलं असल्याने त्याची दखल घेता येत नाही.

आठ दिवसांनी पत्र आलं. मास्तरांनी केलेलं मोजमाप पाहता त्यांना आता शास्त्रीय पद्धतीचं ज्ञान झालेलं आहे. सामान्य सदस्याला असं ज्ञान असू नये, असा कायदा आहे. सबब, त्यांचं सदस्यत्व रद्द करण्यात येत आहे. समिती त्यांच्या योगदानाबद्दल आभारी आहे.

बायकोने पत्र दोनदा वाचलं. "इतक्या वर्षांत तुम्हाला कोणी हुशार म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं तेही हाकलण्यासाठी."

शिवणकामही गेलं. वॉर्डातल्या शर्टांची बटणं काढून तिथे चिकटपट्ट्या लावल्या गेल्या, नुसतं दाबलं की बंद. शेवटच्या अहवालात लिहिलं गेलं: 'वस्त्रदोष दूर केल्यानंतर बटणांविषयी एकही तक्रार नाही.' हे त्यांना सिस्टरांनी सांगितलं. दुकानासमोरून जाताना क्षणभर थांबून, रस्त्याकडे बघत त्या बोलल्या आणि निघून गेल्या. मास्तरांच्या जागी सामान्य माणूस म्हणून सचिवांचे मेहुणे आले. ते मास्तरांपेक्षा पुष्कळ सरस निघाले, असं म्हणतात.

मास्तर मात्र गप्प बसेनात. हे त्यांचं त्यांनाही नवीन होतं. आपण आधी एकतीस वेळा सही केली, त्या एकतीस खेपेच्या माणसांना बटणं लागत होती की नाही, हे आपण कधी विचारलंच नाही, हा विचार त्यांना कापड बेततानाही सोडेना. दोनदा चुकीच्या ठिकाणी कातरी चालली. शेवटी त्यांनी सरकारी नियामकांना पत्र लिहिलं. बोटांची थरथर, घाम, कमरा, सगळं. महिन्याने उत्तर आलं: सहभागींच्या प्रकृतीविषयीच्या तक्रारी संबंधित संस्थेच्या नैतिकता समितीमार्फत पाठवाव्यात.

"बघ," मास्तर म्हणाले. "चोराची तक्रार चोराकडेच नेऊन द्यायची."

बायकोने सुईत धागा ओवला. "तुम्ही चुकीचं लिहिता. ती माणसं बोटांकडे बघणारी नाहीत, कागदाकडे बघणारी आहेत. मग कागदातलं काही खोटं असेल ते लिहा. दोन नावांचं लिहा."

"त्याने तो बिचारा अडकेल."

"मग आधी त्याला विचारा."

तिरपा बाजाराच्या मागच्या गोदामात सापडला. प्रयोग संपून पाच आठवडे झाले होते. तो पोत्यावर बसून पाणी पीत होता, दोन्ही हातांनी भांडं धरून. मास्तरांनी त्याच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. पत्राचं, दोन नावांचं, त्याला पुन्हा कुठल्याच प्रयोगात घेणार नाहीत याचं. नको म्हणालास तर लिहिणार नाही, असंही सांगितलं.

तिरप्याने भांडं खाली ठेवलं. "ती चौथ्या खाटेवरची पापणी आठवते?" तो म्हणाला. "त्याची अजून उडते. लिहा तुम्ही."

"मग त्यातलं तुझं खरं नाव कुठलं, ते सांग."

"त्यातलं कुठलंच नाही. दोन्ही लिहा."

मास्तरांनी दोन्ही लिहिली. या वेळी उत्तर आलं नाही, माणूस आला. पातळ मिशीचा एक निरीक्षक, काखेत फायली. त्याने संस्थेतल्या दोन्ही प्रयोगांच्या संमतिपत्रांवरचे अंगठे शेजारी शेजारी ठेवले आणि तासाभरात त्याचं काम झालं. जाताना तो मास्तरांच्या दुकानात डोकावला.

"तुमच्या पहिल्या पत्रातलं ते बोटांचं," तो म्हणाला, "ते आमच्या कक्षेत येत नाही बरं का."

"आणि नावांचं?"

"ते येतं."

दोन महिन्यांनी निर्णय लागला. एका सहभागीची ओळख खोटी असल्याने संपूर्ण प्रयोगाची माहिती अविश्वसनीय ठरवण्यात येत आहे, कंपनीने तिचा आधार घेऊ नये. पहिला दहा जागच्या जागी राहिला, फळांवरची मर्यादाही. संस्थेला ताकीद मिळाली, की यापुढे ओळखपत्रं नीट तपासावीत. अठ्ठावीस पानांच्या त्या निर्णयात बोट, घाम, पापणी यांपैकी एकही शब्द नव्हता. मास्तरांनी ओळीवर ओळ बोट ठेवून शोधला.

मग तो कागद घडी करून खिशात घातला आणि गोदामात जाऊन तिरप्याला वाचून दाखवला. तिरप्याने मधली दोन वाक्यं पुन्हा वाचायला लावली.

"म्हणजे," तो म्हणाला, "आम्हाला त्रास झाला म्हणून नाही बंद झालं?"

"नाही."

"मी खोटं नाव सांगितलं म्हणून झालं."

"हो. तसंच म्हटलंय."

"मग बरं झालं की सांगितलं," तिरपा म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर गेलं असतं ते सगळ्यांच्या पोटात."

मालकाने हाक मारली तसा तिरपा उठला, खाली वाकला, आणि त्याने पोतं उजव्या खांद्यावर घेतलं. डाव्या हाताला अजून धड पकड येत नव्हती. मास्तरांनी मागून पोत्याला हात लावला आणि ट्रकपर्यंत तसेच त्याच्याबरोबर चालत गेले.